मामांच्या फोटोतली मामी

लखनौमध्ये उलट्या पावली सगळ्यात जास्त अंतर कोणी कापलं असेल तर ते माझ्या बायकोच्या मामांनी, आणि यावर वाद घालायला मी तयार नाही. डाव्या हातात शंभरेक वर्षांपूर्वीच्या एखाद्या फोटोची प्रत लांब धरलेली, एक डोळा मिटलेला, आणि समोरच्या इमारतीवर नजर रोखून मामा भर रस्त्यात मागे मागे सरकत असतात. जुन्या फोटोत मनोऱ्याचं टोक कमानीच्या ज्या कोपऱ्याला टेकलेलं दिसतं, तिथंच ते आजही टेकलं पाहिजे. टेकलं की त्या जुन्या फोटोग्राफरची उभं राहण्याची जागा सापडली! मग तिथूनच आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी चिकटवायचे. त्या जागी आता चाटची गाडी असो, उघडं गटार असो, नाहीतर ई-रिक्षांचा थांबा असो. कोणी हॉर्न वाजवला तर मामा मान न वळवता सांगतात, "भैया, आप ज़रा घूमके जाइए. मैं नहीं हट सकता." आणि लखनौची माणसं, काय सांगावं, खरोखरच घूमके जातात.

मामा रेल्वेत इंजिनियर होते. नागपूरहून नोकरीसाठी इकडे आले, निशातगंजला घर केलं, आणि ओळखीपाळखीचे सगळे मराठी लोक निवृत्तीनंतर पुण्याकडे पळाले तरी हे इथंच ठाण मांडून बसले. बँकेनं माझी बदली लखनौला केली, तेव्हा पहिल्याच रविवारी मी सासरच्या माणसांकडे जेवायला म्हणून नवा शर्ट घालून गेलो. मामांनी दारातच माझ्या खांद्यावर ट्रायपॉड ठेवला. "जावईबापू, जेवण कुठं पळून जात नाही. ऊन पळतंय. चला!"

मागून पिशवी घेऊन मामी निघाल्या. त्यांचं काम मला तिथं गेल्यावर कळलं. पुलाचा फोटो काढताना शेजारी एक माणूस उभा करायचा, म्हणजे पुलाची उंची कळते, ही मामांची नोकरीतली शिस्त. निवृत्तीनंतर हाताखाली माणूस उरला नाही, मामी उरल्या. तेव्हापासून मामांच्या प्रत्येक फोटोत, मग तो दरवाजा असो, इमामबाडा असो की चारबाग स्टेशन, पायथ्याशी सरळ उभ्या मामी असतात. कधी पिशवीतून कोथिंबीर डोकावते, कधी चेहरा वैतागलेला. आणि मामी कुठंही उभ्या राहिलेल्या चालत नसत. "अजून एक पाऊल डावीकडे! भिंतीला चिकटून! वाकू नकोस, उंची चुकते!" असं मामा लांबून ओरडत. मामी मला म्हणायच्या, "लग्नात पाच फूट एक इंच सांगितलं होतं हो माझ्या बाबांनी. यांनी एवढंच लक्षात ठेवलं."

एकदा अमीनाबादमध्ये ती जुनी जागा सापडली ती नेमकी पहिल्या मजल्यावरच्या चिकनकारी कपड्यांच्या दुकानात, बायकांच्या ट्रायल रूममध्ये. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, यह लेडीज़ का कमरा है."

"भैया, कैमरा यहाँ पहले आया था," मामा म्हणाले. "आपका कमरा बाद में आया."

पाऊण तास वाद चालला. शेवटी दुकानदारानं ट्रायल रूम रिकामी करून खिडकीवरचा प्लायवूड काढून दिला, वर चहा पाजला. तेवढा वेळ मामी खाली बाजारात उभ्या. त्या फोटोत त्या एका रिक्षावाल्याशी भांडताना आल्या आहेत, आणि मामांच्या मते उंची अचूक आली आहे.

शहर बदललं म्हणून गळा काढणाऱ्यांचा मामांना भारी राग. "हाय, क्या लखनऊ था!" असं कोणी म्हटलं की ते दोन्ही फोटो त्याच्या नाकासमोर धरतात. "जुन्या फोटोत कोपऱ्यात हा माणूस उभा केलाय, दिसला? त्याचं नाव सांगा. नाही ना माहीत? माझ्या फोटोत उभी आहे तिचं नाव मला माहीत आहे. माझा फोटो सरस!"

मागच्या वर्षी शहरातल्या एका संस्थेनं या जुन्या-नव्या फोटोंच्या जोड्यांचं प्रदर्शन ठरवलं. मामा आठवडाभर हवेत होते. मग संस्थेचा तरुण अधिकारी घरी आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, बस एक छोटी-सी बात. मैडम को क्रॉप कर दें? हेरिटेज साफ़ दिखेगा."

मामी आतून म्हणाल्या, "अहो, काढून टाका ना मला. कशाला उगीच!"

"तू गप्प बस," मामा ओरडले आणि अधिकाऱ्याकडे वळले. "दरवाज़ा क्रॉप कर दीजिए. दरवाज़ा तो सबने देखा है."

प्रदर्शन बारगळलं. मामांनी ते सगळे फोटो मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या टेबलामागे टांगले. इमारतींकडे कोणी फारसं बघितलं नाही. बायका मामींच्या साड्या ओळखत फोटोपुढून हलेनात. मामा छाती काढून फिरत होते आणि मामी स्वयंपाकघरात लपून बसल्या होत्या. मला त्या दिवशी मामांचा फार अभिमान वाटला.

या हिवाळ्यात मामींच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला बंदी केली. महिनाभर मामांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि माझ्या बायकोनं "मी उभी राहते" म्हटलं तर तिच्यावर चिडले. मग एका सकाळी फोन आला, "जावईबापू, गाडी आणा. मोठी डिकीवाली."

कैसरबागच्या दरवाजाशी डिकीतून त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची काढली आणि मामींना धरून नेऊन भिंतीपाशी बसवलं. शाल नीट केली. मग जुना फोटो लांब धरून मागे मागे सरकत आपल्या जागेवर आले. आज डावीकडे-उजवीकडे काही झालं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, बसलेल्या माणसावरून दरवाजाची उंची चुकेल."

समोर मामी खुर्चीत होता होईल तेवढ्या ताठ बसायचा प्रयत्न करत होत्या. मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं.

"चुकू दे," ते म्हणाले, आणि फोटो काढला.