श्री. रेगे यांचे हार्दिक स्वागत

माझा मोठा भाऊ एकोणीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत राबला आणि एका कानाने बहिरा होऊन घरी आला. सोबत दोन पत्र्याच्या पेट्या. आई म्हणाली, साड्या असतील. निघाल्या कॅसेटी! जमैका बेटावरच्या किंग्स्टन बंदरात जहाज लागलं की हा उतरायचा आणि तिथलं रेगे संगीत गोळा करायचा.

"अगा बाप्पा, येवढ्या दुरून हेच आणलंस?" आई म्हणाली. मग तो जो गप्प झाला तो झालाच. फुलचूरच्या घरात आम्ही तिघंच, त्यातही हा दार लावून चांगला कान टेपला चिकटवून बसायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, जेवून परत आत. अशी सहा वर्षं गेली.

एका गुरुवारी म्हणाला, "रविवारी भंगारवाला येते. पेट्या देऊन टाकतो. माझ्यामागं कोण आयकते?"

माझं डोकंच फिरलं. पेट्या गेल्या की हा माणूसही हातचा जाईल, हे मला लख्ख दिसत होतं. मी तेव्हा अर्जुनी मोरगावकडच्या एका शाळेत शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही मुलांसाठी गाण्याचा तास घ्यायचो. दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी विसरली जाऊ नयेत म्हणून गावातल्या जाणत्यांना बोलवायचो, मुलं गाणी उतरवून घ्यायची. मी म्हटलं, "भंगारात घाल, पण आधी माझ्या पोरांना एकदा ऐकव. मग मी एक शब्द बोलणार नाही." मी आणि एक शब्द न बोलणं! पण तो कबूल झाला.

मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली: 'शनिवारी रेगे. माझे भाऊ सोबत येतील.' नडली ती ही चिठ्ठी.

शनिवारी सकाळच्या गाडीने गेलो. फाटकाशी फळा, त्यावर रंगीत खडूने: 'सुप्रसिद्ध गायक श्री. रेगे यांचे हार्दिक स्वागत.' मुख्याध्यापक शाल-श्रीफळ घेऊन उभे. मागे अर्धं गाव. मी तोंड उघडेपर्यंत भावाच्या खांद्यावर शाल, गळ्यात हार.

"या, रेगे साहेब!"

नेमके ते बहिऱ्या कानाच्या बाजूला. भावाला 'रेगे' तेवढंच ऐकू आलं. "हो हो, रेगेच," तो म्हणाला, खुशीत.

"आता रेगे साहेब आपल्याला गाणं ऐकवतील!" मुख्याध्यापकांनी माईकवर जाहीर केलं. टाळ्या. भावाचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून पुटपुटला, "मी गायले आलो का? परतीची गाडी कितीले हाय?" आता हा गेला तर उद्या पेट्याही गेल्या. मी माईकच हिसकावला.

"रेगे कोणी माणूस नाही हो! गाण्याचा प्रकार आहे तो!"

मग मागून एक बाई म्हणाली, "मंग शाल कोणाले दिली जी?" असा हशा उठला, की भाऊ हार काढायलाच लागला. मी घाईघाईने कॅसेट लावली.

समोर दंडारीत ढोलकी वाजवणारे म्हातारबुवा बसले होते. सारा तालुका त्यांना ओळखायचा. त्यांनी मान डोलवायला घेतली, थांबले, पुन्हा घेतली, आणि ओरडले, "बंद करा जी! पहिला ठोका कुठं गेला? खाऊन राहिले काय हे लोक?"

"काय म्हणून राहिले?" भावाने चांगला कान पुढे केला. म्हातारबुवा पुन्हा ओरडले.

आणि माझा भाऊ, सहा वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने बोलला. "खाल्ला नाही बाबा, सोडला! पहिली जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. ढोल पडते तो तिसऱ्यावर."

"काऊन?"

"बसा, सांगतो."

तो खाली सतरंजीवर बसला, गळ्यातला हार तसाच. मांडीवर थाप मारून मोजून दाखवू लागला. म्हातारबुवांनी ढोलकी ओढली. दोनदा चुकले. "हातच आयकत नाही ना जी! जलमभर पहिल्यावरच पडला तो." तिसऱ्यांदा ठोका बसला. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मग भाऊ तासभर बोलत होता: बंदरावरच्या वस्त्या, तिथले हमाल, त्यांची गाणी, एकेका कॅसेटीची गोष्ट. पोरं लिहून घेत होती. मी खिडकीशी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू आवरेना.

गाडीत मात्र तो पुन्हा गप्प. विचारायची माझी हिंमत झाली नाही. एक शब्द बोलणार नाही म्हणाले होते ना, भोग आता!

रविवारी भंगारवाल्याची हाक आली. मी पोळपाटावर हात थांबवून ऐकत राहिले. भाऊ खोलीतून निघाला, दारात गेला. भंगारवाला म्हणाला, "भैया, वो पेटी देने वाले थे ना?"

"नहीं भाई," भाऊ म्हणाला, "वो तो स्कूल का सामान है."