कोरडी फक्की

धाराशिव जिल्ह्यात पोट साफ असलेला माणूस एकच आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला मामा, असं खुद्द मामांचं मत आहे. आणि त्या मताविरुद्ध तोंड उघडण्याची हिंमत तुळजापूर ते उमरगा या पट्ट्यात अजून कुणी केलेली नाही. मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन उमरग्याला घर बांधलं, पण खांद्यावरची चामडी पिशवी काही उतरली नाही. फक्त आतला माल बदलला. पूर्वी नोटा असायच्या त्या कप्प्यात आता इसबगोलचा डबा असतो आणि चिल्लरच्या कप्प्यात चमचा. समोर आलेल्या माणसाकडं ते अजूनही तिकीट विचारल्यासारखं बघतात आणि विचारतात, "सकाळी झाली का?"

माणसाच्या स्वभावावर मामांचा विश्वास नाही. कुणी चिडका निघाला, कुणाचं भावाशी पटेना, कुणाला कविता सुचायला लागल्या, की मामांचं निदान ठरलेलं: "ह्याला दोन दिस झाली न्हाय." एका लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे व्याही इतके तापले की मुहूर्त टळतो की काय असं झालं. मामांनी दोघांना मांडवाआड नेऊन एकेक चमचा चारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच व्याही एकमेकांना आग्रहानं चहा पाजत होते. आता रात्रभराच्या झोपेचाही त्यात काही वाटा असेल, असं मी म्हणून बघितलं. मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आपणच विनातिकीट सापडलो असं मला वाटलं.

इसबगोल गुणाचं आहे, यात वादच नाही. वाद आहे तो मामांच्या पद्धतीचा. सारं जग ते पाण्यात ढवळून पितं. मामा शेंगदाण्याच्या कुटासारखी त्याची कोरडी फक्की मारतात, वरून घोटभर पाणी, तेही ओठ ओले करण्यापुरतं. याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. पहाटे डेपोतून निघालेला कंडक्टर मुक्कामाच्या स्टँडवर पोचेपर्यंत पाणी पीत नसे. पाणी प्यालं की उतरावं लागतं, उतरलं की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की उशीर होतो. मामांची गाडी उभ्या नोकरीत मधे कुठं थांबली नाही. असं कोरडं राहून राहूनच त्यांचं पोट धरलं, त्या पोटासाठी इसबगोल आलं, आणि मामा तेही कोरडंच खायला लागले. या वर्तुळातली गंमत त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होती.

माझ्यावरही प्रयोग झालाच. पहिल्याच दिवशी तीन चमचे. दुपारी मी शिकवतो त्या शाळेत पालकसभा होती. मी शिस्तीवर बोलायला उभा राहिलो आणि माझ्या पोटानं माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. हवेनं पोट असं टरटरलं, की शिस्तीचा विषय अर्ध्यावर सोडून मला बाहेर पडावं लागलं. मामांना फोन करून सांगितलं, तर ते खूश. म्हणाले, आवाज आला म्हणजे इंजन सुरू झालं.

त्याहून वाईट म्हणजे रक्तदाबाची गोळी आणि साखरेची गोळी ते त्याच फक्कीत टाकत. मामी रोज सांगायच्या, गोळ्या वेगळ्या घ्या. मामांचं उत्तर एकच: "गाडी जायलीच हाय, तर सगळ्यांना एकदाच बसवावं."

गेल्या दिवाळीनंतर मामा आमच्याकडं धाराशिवला राहायला आले. दोन दिवस जेवण उत्तम, इसबगोलवर व्याख्यानही उत्तम. तिसऱ्या दिवशी ते गप्प झाले, आणि मामा गप्प झाले म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय हे बायकोनं लगेच ओळखलं. पोट दगडासारखं कडक. सकाळपासून दोन उलट्या. ज्यांना जगाची चौकशी करायची सवय, त्यांचंच चार दिवस झालेलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पोटाचा फोटो काढला, सलाईन लावलं, नाकातून नळी घातली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्यापर्यंत सुटलं नाही तर पोट उघडावं लागेल. मग मामांजवळ बसल्या.

"आजोबा, इसबगोल वाईट नाही. कोरडं वाईट. ते पाणी ओढून फुगतं. तुम्ही पाणी दिलं नाही, तर आतलंच ओढतं आणि वाटेत अडकून बसतं."

"आजोबा म्हणू नका," नळीसकट मामा म्हणाले. "तुमच्या जन्माच्या आधीपासून मी फक्की मारतो."

"आणि गोळ्या त्याच्यासोबत घेता? त्या त्याच्यात गुरफटतात. पुरत्या लागू होत नाहीत."

हे मात्र मामांना लागलं. प्रवासी आपल्या स्टॉपवर न उतरता तसाच पुढं गेला, ही गोष्ट कंडक्टरला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुटलं. आमच्या घरात परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. डॉक्टरांनी लिहून दिलं: आत्ता इसबगोल बंद. पुढं मी सांगेन तेव्हा अर्ध्या चमच्यापासून, मोठ्या ग्लासभर पाण्यात, वर आणखी एक ग्लास. गोळ्या दोन तास आधी. आणि दिवसभर पाणी, आजपासूनच. बाकी सगळं मामांनी मान्य केलं. दिवसभर पाणी म्हटल्यावर भिंतीकडं तोंड केलं.

मी चिडलो. पोट कापायची वेळ आली होती मामा, आणि तुम्हाला ग्लासभर पाणी जड जातंय?

मामांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "जावाईबापू, पाणी प्यायचं सोपं हाय. गाडी थांबवा म्हणायचं अवघड हाय."

मग त्यांनी सांगितलं. लोहाऱ्याच्या रस्त्यावर एकदा एका म्हातारीनं गाडी थांबवायला सांगितली होती. मामा म्हणाले, पुढं स्टँड आल्यावर. तिनं पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ती तोंडावर पदर ओढून बसली. स्टँडवर ती उतरली तेव्हा सीट ओली होती आणि साऱ्या गाडीनं ते बघितलं.

"त्या दिवशी गाडी टायमात पोचली," मामा म्हणाले. "मी कुणासाठी थांबलो न्हाय. आता एसटीत बसल्यावर मी कोणत्या तोंडानं थांबवा म्हणू?"

चार दिवसांनी मी त्यांना उमरग्याला सोडायला निघालो. जीप करू म्हटलं, तर असा काही चेहरा केला की मी निमूट एसटीत बसलो. तुळजापूर मागं पडेपर्यंत मामांनी शत्रूच्या डोळ्यांत बघावं तसं बाटलीकडं बघितलं. मग उघडली आणि निम्मी प्याले. मला बजावलं, "त्या डॉक्टरणीचं ऐकलं असं समजू नका. इसबगोल मी सोडणार न्हाय."

नळदुर्ग गेलं आणि मामांची चुळबुळ सुरू झाली. पिशवी पोटाशी धरली, खिडकीबाहेर बघितलं, घड्याळ बघितलं. मी उठायला लागलो, तर माझा हात दाबून त्यांनी मला खाली बसवलं. स्वतः उठले. दांड्या धरत धरत पुढं गेले. कंडक्टर विशीतली मुलगी होती.

"लेकी," मामा म्हणाले, "गाडी जरा..."

आणि पिशवी पोटाशी आवळली. मुलीनं त्यांच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि घंटीची दोरी एकदा ओढली.

जळकोटच्या अलीकडं एका कडुलिंबाजवळ गाडी थांबली. मामा उतरले. त्यांच्यामागं काठीवाले एक आजोबा उतरले. मग दोन बायका उतरून पलीकडच्या तुरीच्या शेताकडं गेल्या. मग आणखी एक म्हातारी उठली. सगळी माणसं कधीपासून धरून बसली होती कोण जाणे.

मामा सगळ्यांत आधी परतले, पण वर चढले नाहीत. दाराशी उभे राहिले. त्या म्हातारीला हात देऊन वर घेतलं, आजोबांची काठी धरली, बायका येईपर्यंत वाट बघितली. मग चढून जुन्या सवयीनं डोकी मोजली आणि दोरीकडं बघत राहिले. मुलीनं मान हलवली. मामांनी हात वर केला आणि दोनदा ओढली.

उमरग्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी घड्याळात बघितलं.

"सात मिन्टं लेट," म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या राहिलेली बाटली संपवली.