हॉलमधलं ध्यान आणि काकूंचा गणपती

एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा नवधार्मिक चळवळींवरचा प्रकल्प माझ्या वाट्याला आला. सरांनी फळ्यावर रकाने आखून दिले: धर्मसंस्था, संप्रदाय, पंथ, कल्ट. एखादा गट शोधायचा आणि योग्य रकान्यात बसवायचा. मला लांब जावं लागलं नाही. मीरा रोडला आमच्या खालच्याच मजल्यावर, रत्नागिरीकडच्या काकूंच्या हॉलमध्ये दर रविवारी ध्यान चालायचं.

गटाच्या प्रमुख माई, निवृत्त शिक्षिका. देव निराकार आहे, मूर्ती नको, फोटो नको, एवढंच त्या सांगायच्या. एकच गुरू, कडक नियम. मी खुशाल ‘कल्ट’ लिहून टाकलं. मग जवळच्या तारोडी गावाहून येणाऱ्या एका मावशींशी बोलले. गळ्यात क्रूस, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून थेट इकडे. चर्च सोडलंत का, असं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाय गो. चर्च हाय तिथं हाय. इथं बसलं की झोप बरी लागते." त्यांच्या शेजारी बसणारे दुकानदार जैन, घरचे सगळे उपवास पाळणारे. मी ‘कल्ट’ खोडलं.

भाद्रपद जवळ आला तसं माईंनी बजावलं, यंदा घरात मूर्ती आणू नका. काकूंनी ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला आणि मंडळी गेल्यावर मला म्हणाल्या की ध्यान बंद झालं तरी चालेल, गणपती येणारच. पुढच्या रविवारी हॉल रिकामा. गटात फूट पडली, असं मी उत्साहाने सरांना सांगूनही आले.

चतुर्थीला काकूंकडे आरती आटोपून पानं वाढत होतो, तर दारात माई. त्यांनी चप्पल काढली, गणपतीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या, हात मात्र जोडले नाहीत, आणि पंगतीत बसल्या. मोदक वाढताना काकूंनी हळूच विचारलं, "माई, मूर्ती चालली?"

"मला नाही चालत," माई म्हणाल्या. "पण म्हणून तुमच्या घरावर रुसून बसू का?"

काकू डोळे पुसत तूप आणायला आत गेल्या.

त्या रविवारी मखरासमोरच बसून सगळ्यांनी डोळे मिटले. आता हा गट कुठल्या रकान्यात, असं सरांनी विचारलं, तेव्हा मी कळत नाही म्हणून मोकळी झाले. सर हसले आणि म्हणाले, जे पाहिलंस ते लिही. मार्क बेताचेच पडले. बाहेरच्या परीक्षकांना शेवटी तक्ता हवा होता. रविवारी मात्र मी खाली जात राहिले. प्रकल्प संपल्याचं कुणाला सांगितलंच नाही.