बोटांनी खेळायची सापशिडी

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की माझं काही खरं नसतं. एरवी सकाळपासून कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत उभी असते, बोलून बोलून घसा बसतो, पण जिवाला बरं असतं. सुट्टीत क्लासला कुलूप लागतं आणि मी राजापेठेतल्या दोन खोल्यांमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहते. धुतलेलं पुन्हा धुते. त्यात लेक अर्धी सुट्टी अकोल्याला, तिच्या बाबांकडे जाते. आम्ही दोघं वेगळे झालो तेव्हा कोर्टात तसंच ठरलं होतं. शाळा माझ्याकडे अमरावतीला, सुट्ट्या वाटून घ्यायच्या.

ती चौथीत होती त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात अकोल्याहून आली आणि बॅग टाकता टाकता म्हणाली, "आई, आजीला आता साप दिसत नाही."

"कुठला साप?"

"सापशिडीतला गं. ती सापाच्या तोंडात सोंगटी ठेवते आणि शिडी समजून वर चढते. मी काही सांगत नाही तिला."

"मग?"

"मग काय, तीच जिंकते."

सासूबाईंची नजर काचबिंदूने चाललीय, हे मला असं, पोरीच्या तोंडून कळलं. कोर्टानंतर आमचं बोलणं नव्हतं. मी फोन हातात घेतला, खाली ठेवला. काय म्हणून विचारणार होते?

दिवाळीच्या तोंडावर लेकीने आपला बेत सांगितला. आजीसाठी सापशिडी करायची, पण डोळ्यांनी नाही, बोटांनी खेळायची. सगळं तिनेच ठरवलं होतं. जुन्या चादरीचं जाड कापड, त्यावर लोकरीच्या दोरीने आखलेले चौकोन. खराट्याच्या काड्यांच्या शिड्या. आणि कापडाचे साप, आत कापूस भरलेले. फाशाच्या लाकडी ठोकळ्यावर टिंबांच्या जागी तिने साबुदाणे चिकटवले होते.

कापूस घरमालकांनी दिला. त्यांची शेती दर्यापूरकडे; वेचणी सुरू होती, पोतं जिन्याखालीच पडलं होतं. मी सरकी काढायला बसले तर लेकीने हात धरला. "राहू दे ना. साप दाबला की आत मणका लागला पाहिजे."

दोन दिवस आमची जमिनीवर बैठक होती. इतवारा बाजारातून आणलेल्या चिंध्यांचा पसारा, सुया, दोरे. ती डोळे मिटून बोटं फिरवून बघायची आणि मला म्हणायची, "हा साप आहे की शिडी, सांग." मी सांगायचे. तेवढ्यापुरती माझी ती भिंतीपासून भिंतीपर्यंतची येरझार थांबली होती.

मग एका सकाळी तिच्या बाबांचा फोन आला. इथे जवळच बडनेऱ्याला काही काम निघालं होतं, तर परवा येण्यापेक्षा आजच पोरीला घेऊन जातो म्हणाले. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. लेक मात्र चिडली. अर्धेच साप लागले होते.

"तू शिवून ठेव आणि पाठव," चपला घालता घालता ती म्हणाली. "कुणासोबत पाठवू?" "पाठव कसंही." तिने कापड उलगडून घाईघाईने बोट ठेवत दाखवलं, हा साप इथे, तो तिथे, लांबडा... खाली गाडीचा हॉर्न वाजला. लांबड्या सापाचं वाक्य अर्धंच राहिलं. ती जिना उतरून गेली.

मी शिवायला बसले. चार टाके घालायचे आणि उठायचं. गॅलरीत जायचं. समोरच्या घरी पोरं आकाशकंदील टांगत होती, एक जण स्टुलावर, बाकीचे खालून ओरडत होते. परत आत. सुई कुठे ठेवली ते सापडेना. सोडून द्यावं वाटायचं आणि सोडवतही नव्हतं. शेवटी सगळे साप लागले. लांबड्याचं तोंड मी अगदी वरच्या ओळीत ठेवलं, शंभरच्या जवळ. सगळ्या सापशिड्यांमध्ये असतं तसं.

कुरिअरवाला दुकान बंद करून गावाला गेला होता. अकोल्याला जाणारं ओळखीचं कुणी मिळेना. पोर रोज फोनवर विचारायची, "पाठवलं?" आणि मागून सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज यायचा.

लक्ष्मीपूजन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कापडाची गुंडाळी, फासा आणि सोंगट्या पिशवीत घातल्या आणि बस पकडली. दारात द्यायचं आणि आल्या पावली परतायचं, असं मनाशी घोकत होते. वाटेत मूर्तिजापूर आलं आणि मी उतरले. का, ते मलाही सांगता येत नाही. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तिकीट तर अकोल्याचं हाये तुमचं."  स्टँडवर चहा घेतला, तो तसाच ठेवला. अमरावतीकडे जाणारी गाडी लागली होती, तिच्या पायरीवर एक पाय ठेवला. मग पोरीचं "पाठवलं?" आठवलं. पाय काढून घेतला आणि मागून आलेल्या अकोल्याच्या गाडीत चढले, उभ्यानेच, कारण जागाच नव्हती.

जठारपेठेतलं ते घर रंगवलं होतं. दार उघडंच. सासूबाई पुढच्या खोलीत दिवाणावर बसल्या होत्या, चेहरा दाराकडे, पण नजर माझ्यावर नव्हती.

"कोन हाये?"

मी चपला काढत राहिले.

"कोन हाये, बोल न बाप्पा."

"मी आहे, आई."

त्यांनी पदर सारखा केला. "काहून आली?"

"पोरीने तुमच्यासाठी काहीतरी केलंय. ते राहिलं होतं अमरावतीला."

"थे दोघं बाजारात गेले. दिवे घ्याले. बस."

मी बसले, लगेच उठले. पिशवी खाली ठेवली, परत उचलली. त्यांना ऐकू येत होतं सगळं. "बस न वं एका जागी! सारखी उठून राहिली. काय आनलं थे दाखव."

नकार देता आला असता. पोर येईपर्यंत थांबू, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या हात पुढे करून बसल्या होत्या आणि मला त्या खोलीत काहीतरी करायला हवं होतं. मी कापड त्यांच्या मांडीवर पसरलं, फासा आणि सोंगट्या हाताशी ठेवल्या.

त्यांची बोटं आधी लोकरीवरून गेली. चौकोन चौकोन चाचपत वर. मग एक शिडी लागली, काड्या मोजल्यासारखं नख फिरवलं. मग साप. त्यांनी तो दाबला, आतली सरकी हाताला लागली आणि त्या हसल्या. मोठ्याने. "मायबाई! सापाले हड्ड्या हायेत."

"तिचीच कल्पना."

"साप लय झाले पन. शिड्या कमी." असं म्हणत त्यांनी फासा उचलला, साबुदाण्यांवरून अंगठा फिरवला. "टाक."

आम्ही खेळलो. त्या सोंगटी सरकवताना दर वेळी एक घर जास्तच जायच्या आणि मी लेकीसारखीच काही बोलत नव्हते. खेळता खेळता त्यांनी एकदा विचारलं, क्लासमध्ये उभं राहून पाय दुखतात का. मी हो म्हटलं. दुसरं काही विचारलं नाही त्यांनी. मीही डोळ्यांचं विचारलं नाही. ते समोर दिसत होतं.

त्या वरच्या ओळीत पोहोचल्या होत्या तेव्हा फाटक वाजलं. लेक हातात पणत्यांची आणि झेंडूच्या फुलांची टोपली घेऊन आत आली. मला पाहून तिचा चेहरा उजळला, मग नजर आजीच्या मांडीवरच्या कापडाकडे गेली आणि तो पडला.

"मी देणार होती ते!"

"अगं, आजींनी मागितलं..."

"मी देणार होती, आई. माझं होतं." मग तिचं लक्ष लांबड्या सापाकडे गेलं आणि ती रडायलाच लागली. "हा इथे नको होता! आजीला वरती साप नको होता एकपण. मी सांगून राहिली होती ना तुला, तू ऐकलंच नाही." तिने कपाटातून कात्री काढली.

तिचे बाबा दारात उभे होते, पिशवी हातात तशीच. मी पर्स उचलली. दारात देऊन परत यायचं ठरवलं होतं, तेच करायला हवं होतं, असं वाटत होतं.

सासूबाईंनी कापड पटकन छातीशी धरलं. "कात्री ठेव. सापाले हात नाई लावू देत मी! वरतं साप नसला तं खेयाची मजा काय? मी काई लेकरू हाये?" मग जरा थांबून त्यांनी कापडाची गुंडाळी केली, फासा त्यात घातला आणि अंदाजाने पोरीच्या दिशेने पुढे केली. "आन हे घे तुह्यं. म्या कुठी घेतलं अजून? मी आतंमधी जातो. बोलवशीन तवा येतो. मंग दे."

आणि त्या खरंच भिंतीचा आधार घेत आत गेल्या. पोर हुंदके देत उभी. मग तिने नाक पुसलं, गुंडाळीला टोपलीतल्या झेंडूचं एक फूल खोचलं आणि हाक मारली. सासूबाई बाहेर आल्या. "काय वं, काय आनलं माह्यासाठी?" असं विचारून त्यांनी पुन्हा पहिल्या चौकोनापासून बोटं फिरवली, आणि पहिला साप लागताच पुन्हा तेवढ्याच मोठ्याने ओरडल्या. पोर हसली. तिचे बाबाही हसले. मी दारापाशीच होते, पर्स खांद्यावर.

"जेवून जा," ते म्हणाले.

"बस जाईल."

"बसी येत राहतात."

मी जेवले. वाढणं सासूबाईंनी केलं, वरण अर्धं ताटाबाहेर. स्टँडवर पोरीच्या बाबांनी स्कूटरवरून सोडलं. वाटेत फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांचं सांगितलं: गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकवायची. मी म्हटलं, कळवत जा.

त्यांनी कळवलं नाही. पण दिवाळी सरल्यावर एका दुपारी सासूबाईंचाच फोन आला. शेजारणीकडून नंबर लावून घेतला होता. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाल्या, "एक शिडी उकलली. तू आली तं सुई घेऊन ये." मी खोलीत फोन कानाला लावून फिरत होते. कधी येऊ, ते विचारायचं होतं, तोवर त्यांनी फोन ठेवून दिला होता.