कमरपट्ट्यावरचं नाव

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत वाणसामान भरायला आम्ही नवरा-बायको ओहायोहून शिकागोला जायचो. पंच्याऐंशीच्या सुमाराला एकदा तिने हट्टाने गाडी म्युझियमकडे वळवायला लावली. पार्किंग शोधतानाच माझं डोकं फिरलं होतं.

आत इजिप्तच्या कुठल्याशा देवळातला दगडी राजा बसला होता. सिंहासनाच्या बाजूवर दोन देव कमळाचे आणि लव्हाळ्याचे देठ एकत्र बांधत होते. कमरपट्ट्यावर लंबगोल चौकटीत नाव कोरलेलं. गाइडबाईंनी सांगितलं, हे नाव नंतरच्या राजाचं. त्याने आधीच्याचं नाव छिन्नीने खरवडून आपलं कोरून घेतलं, चेहरा मात्र तसाच ठेवला. ज्याचं नाव पुसलं त्याला परलोकात थारा नाही, अशी त्या लोकांची समजूत होती म्हणे. वाकून पाहिलं की खालची जुनी अक्षरं पुसट दिसायची.

ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "माझंही असंच केलंत तुम्ही."

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव मी लिहिलं होतं, मोठ्या हौसेने, मीच निवडलेलं. तिला विचारावं हे डोक्यातही आलं नव्हतं. आमच्याकडे सगळेच तसं करत. पण तिथे मी भडकलो, सुट्टीच्या दिवशी कसले विषय काढतेस म्हणालो.

"एकदा तरी माझ्या जुन्या नावाने हाक मारा."

मी खिशातून सामानाची यादी काढली आणि वाचत बसलो. आज त्याची लाज वाटते. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

तीन वर्षांनी तिच्या मेंदूत ट्यूमर निघाला. शेवटच्या आठवड्यात ती कुणालाच ओ देईना. एका दुपारी मी नेहमीच्या नावाने हाका मारून थकलो, आणि कानाशी वाकून तिचं माहेरचं नाव घेतलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, तरी ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं.

तिने डोळे उघडले. चेहरा असा उजळला की मला रडूच फुटलं.

"बाबा, आलात?"

तिचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती.

"हो, आलो," मी म्हणालो. माझा हात धरून ती कितीतरी वेळ त्यांच्याशी बोलत होती. माझी चौकशी तिने एकदाही केली नाही.