मुद्दाम न हरणारे शेजारी

सुकापूरला आमच्या समोर राहणारे गृहस्थ पन्नाशीचे आहेत. कळंबोलीत लोखंडाच्या गोदामात नोकरी करतात आणि शाळेत असल्यापासून व्हिडिओ गेम खेळतात. जिन्यात भेटले की सुरू होतात. बोलताना दोन्ही अंगठे हवेतच बटणं दाबत असतात.

"आजकालचे गेम म्हणजे नुसता सिनेमा हो! चित्रं झकास, पण खेळणाऱ्याला हरूच देत नाहीत. आणि कंपन्या अर्धाकच्चा गेम विकतात, दुरुस्ती नंतर!"

अर्धांगवायूनंतर माझ्या बाबांचा उजवा हात नीट चालेना. व्यायामाचा चेंडू ते वैतागून फेकून द्यायचे. हे कळल्यावर शेजारी आपला जुना गेम घेऊन आले आणि आमच्या टीव्हीला जोडून बसले.

"काका, गाड्यांची शर्यत आहे. मी मुद्दाम हरणार नाही, आधीच सांगतो."

रोज संध्याकाळी ते बाबांना हरवत आणि वर हसतही. बाबा चिडून दुपारभर एकटेच सराव करू लागले. दीड महिन्याने बाबा जिंकले. शेजाऱ्यांचा चेहरा पडला. "बटण अडकलं," असं पुटपुटत ते चहा न घेताच गेले.

"अगं, खरंच चिडला की तो!" बाबा म्हणाले आणि उजव्या हाताने मांडीवर थाप मारून हसत सुटले.