सोरा पंपाहून लाइन क्लिअर

तोला पाता स्टेशनचा मास्तर डॉन इलारिओन कोल्के हाच तिथला सांधेवाला, दिवेवाला, झाडूवाला आणि तक्रारी ऐकून घेणारा अधिकारीही होता. तक्रारी घेऊन बहुतेक वेळा पठारावर चरणारी लांब मानेची लोकरी जनावरं, लामाच येत आणि थुंकून मोकळे होत. ओरुरो शहराच्या दक्षिणेला, त्या उजाड पठारावर, एवढी सगळी पदं एका माणसात मावतात, कारण दुसरा माणूस नसतोच.

इंग्रजांनी ही लाइन टाकली तेव्हा इलारिओनचा आजा स्लीपर वाहत होता. पुढे सरकारनं राष्ट्रीय कंपनी काढून लाइन ताब्यात घेतली, तेव्हा बापाच्या टोपीवरचा बिल्ला बदलला. टोपी तीच राहिली. ती आता इलारिओनच्या डोक्यावर होती, आणि त्याची बायको डोन्या प्रिमितिवा म्हणायची, "कंपनी बुडाली तरी ही टोपी तरंगेल. इतकं तेल मुरलंय तिच्यात."

इलारिओनचा जिवलग म्हणजे शेजारच्या सोरा पंपा स्टेशनचा मास्तर, क्रिसोस्तोमो लासार्ते. उभ्या आयुष्यात दोघं भेटले ते दोन-चार लग्नांत, आणि तिथंही काही बोलणं सुचेना म्हणून शेजारी बसून कोकाची पानं चघळत राहिले. खरी दोस्ती घंटीवरची. लाइन एकेरी. दोन्ही स्टेशनांत एकेक लाल यंत्र आणि त्यात लोखंडी टोकनं. गाडी सोडायची तर घंटी वाजवून पलीकडच्याला विचारायचं. त्यानं कळ दाबून लाइन क्लिअर दिली तरच टोकन निघणार, आणि ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नाही. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ते मोठ्या कडीत अडकवून पुढच्या मास्तराच्या लांब केलेल्या हातावर फेकणार, आणि मास्तर ते आपल्या यंत्रात टाकणार. एक टोकन बाहेर पडलं की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, ते परत आत जाईपर्यंत. क्रिसोस्तोमो घंटी देताना शेवटचा ठोका अंमळ रेंगाळवायचा. निरोप घेऊन माणूस पुन्हा दारात थबकतो ना, तसा. त्यावरून इलारिओनला त्याची तब्येत कळे, बायकोशी भांडला असेल तर तेही.

मग कंपनीनं सोरा पंपा बंद केलं. यंत्र उचकटून नेलं आणि तोला पाताहून येणाऱ्या तारा त्याच्याही पुढच्या रिओ सेको स्टेशनला जोडल्या. इलारिओन त्या दिवशी नेमका ओरुरोला दात काढायला गेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रिसोस्तोमो वारला. डॉक्टर म्हणाले, छाती. प्रिमितिवा म्हणाली, "छाती कसली? घंटी काढून नेली त्याची."

आता कंपनीचा डोळा तोला पातावर होता. एका कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी इन्स्पेक्टर बेखारानो फेरोबसनं, म्हणजे रुळांवरून धावणाऱ्या बसनं, पाहणीला यायचे होते.

"बंद करायला कारणच शोधतायत ते," प्रिमितिवानं बजावलं. "गाडी आली, टोकन दिलं, गेली. मधे तुझी अक्कल नको, म्हाताऱ्या. हे घर गेलं तर ओरुरोला सुनेच्या चुलीमागे निजावं लागेल. आणि ती घोरते."

ओरुरोच्या बाजूनं फेरोबस लांबून दिसायला लागली आणि यंत्रावरची घंटी वाजली. पलीकडून कुणीतरी लाइन मागत होतं. शेवटचा ठोका रेंगाळला.

इलारिओनच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. त्यानं रिओ सेकोला फोन फिरवला.

"मी? मी जेवतोय, कोम्पाद्रे," तिकडचा मास्तर तोंडात घास घोळवत म्हणाला. "इथं गाडी आहे कुठे लाइन मागायला? वाऱ्यानं तारा घासल्या असतील."

घंटी पुन्हा वाजली. तशीच.

इलारिओनला सून आठवली, तिचं घोरणं आठवलं. उत्तर दिलं तर यंत्र अडकणार, साहेबाची गाडी रखडणार आणि घर जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण दारात कुणी विचारत उभं असताना गप्प बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं कळ दाबली. यंत्राचा काटा 'गाडी येत आहे'वर गेला आणि आत कुलूप पडलं.

फेरोबस बाजूच्या रुळावर येऊन थांबली. ड्रायव्हर वाल्तेर कोंदोरीनं खिडकीतून हात काढला. "आणा टोकन, डॉन इलारिओन! की अंडं घालायला बसवलंय यंत्राला?"

"लाइन दिलीय. समोरून गाडी येतेय."

इन्स्पेक्टर बेखारानो खाली उतरले. "कसली गाडी? आज या लाइनवर आपल्याशिवाय कुणी नाही. कोंदोरी, चला!"

"टोकनाशिवाय?" वाल्तेरनं इंजिनच बंद केलं. "साहेब, माझी बायको तरुण आहे. लगेच दुसरं लग्न करील."

"अरे, पण समोर काही नाहीच!"

"मग लाइन दिलीय कुणाला?"

साहेबांनी इलारिओनकडे पाहिलं. इलारिओन खाली पाहत म्हणाला, "सोरा पंपाला."

वारा एकदम पडला. पठारावर वारा पडला की कानात दडे बसल्यासारखं होतं.

"साहेब," इलारिओननं हळूच विचारलं, "तिथली शेवटची गाडी तुम्हीच आणलीत ना? तिला लाइन कुणी मागितली?"

"मागणार कशावर? यंत्र आधीच डब्यात चढवलं होतं. घाई होती. रिकामी तर लाइन होती."

"क्रिसोस्तोमो काही म्हणाला नाही?"

साहेबांनी कॉलर सैल केली. "म्हणत होता. विचारू द्या, विचारू द्या, म्हणत डब्याबरोबर धावत आला. फलाट संपेपर्यंत."

रूळ गुणगुणू लागले.

इलारिओननं टोपी नीट केली आणि फलाटाच्या कडेला उजवा हात लांब करून उभा राहिला. पलीकडे चरणाऱ्या लामांनी एकदम माना वर केल्या. समोरचा रूळ रिकामा होता, ऊन पडलेला, पार क्षितिजापर्यंत. लामांच्या माना मात्र सोरा पंपाच्या बाजूनं सावकाश इकडे वळू लागल्या, सगळ्यांच्या एकत्र. कोळशाचा वास आला. सोरा पंपाच्या त्या शेवटच्या गाडीनंतर डिझेल आलं होतं, या लाइनवर कुणी कोळसा जाळला नव्हता. शेजारून गाडी गेल्यावर खडखडतात तशा फेरोबसच्या काचा खडखडल्या, आणि इतका वेळ थट्टा करणाऱ्या वाल्तेरनं टोपी काढून छातीशी धरली. प्रिमितिवा दारात आली, पाहिलं, आणि आत जाऊन दारूची बाटली आणून धरणीमातेसाठी उंबऱ्यावर चार थेंब शिंपडले. उरलेली तिनं स्वतःच घेतली.

इलारिओनचा हात हिसडा बसून मागे गेला. मग तो वळला, आणि ओंजळीत काहीही नसताना ते जपून धरत यंत्रापाशी गेला. खाचेवर हात रिते केले. आत लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज झाला, तो तिघांनीही ऐकला.

"गाडी पोचल्याची घंटी द्यायचीय," तो म्हणाला. "तुम्ही द्या साहेब. गाडी तुमची होती."

बेखारानोंनी कळ नीट, पूर्ण दाबली. काटा सरळ झाला. तारेवर आता कुणी रेंगाळत नव्हतं.

वाल्तेरला टोकन मिळालं. बसमध्ये चढण्याआधी साहेब घुटमळले. "तोला पाता बंद होणारच, डॉन इलारिओन. ते माझ्या हातात नाही."

"कल्पना आहे."

"पण यंत्र सगळ्यात शेवटी निघेल. तुम्ही लाइन मागायची, मिळाली की मगच इथली शेवटची गाडी सुटेल. पलीकडे, रिओ सेकोला, टोकन झेलायला मी स्वतः उभा राहीन."

"धावत्या गाडीचं टोकन झेललंय कधी तुम्ही?"

"नाही."

"हात ताठ ठेवायचा नाही मग. खांदा निखळतो." दाखवण्यासाठी इलारिओननं बाही वर सारली. कोपराच्या आत ताजा, लालभडक वळ उमटला होता, अजून फुगत असलेला.

साहेबांनी तो वळ पाहिला. मग त्यांनी कोट काढून वाल्तेरकडे दिला आणि शिकण्यासाठी आपला हात पुढे केला.